अपराधाची बाकी



‘अपराधी मन आणि ख्रिस्ती श्रद्धा’ असा विषय मी कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने, पण जरा चाचरतच विचारले, “गुरुजी, म्हणजे प्रवचन होणार का?” त्यांची धास्ती मी समजू शकतो. सिंदफणेच्या काठच्या या गावाला कीर्तन-प्रवचनांचा तोटा नाही; सप्ताह बसला की टाळ-मृदंगाचा आवाज येथे घराघरांत पोहोचतो. त्यात आणखी एका प्रवचनाची भर घालण्याचा माझा विचार नाही. कोणी आपला धर्म सोडावा हे सांगण्यासाठी तर मी मुळीच उभा राहिलेलो नाही. मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातला, आणि पेशाने शिक्षक. एका अपराधाने मला अकरा वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही. ती स्वस्थता पुढे ज्या घरी मिळाली, त्या घराचा पत्ता आपल्याला सांगावा, एवढाच आजचा हेतू. तो अपराध कोणता, हे शेवटी सांगेन. आताच सांगण्याचे धैर्य नाही.

माणसाच्या हातून चूक होते. पुष्कळशा चुका भरून येतात. काही मात्र येत नाहीत. ज्याचे नुकसान झाले तो माणूस तरी जगात उरलेला नसतो, किंवा गेलेला काळ तरी परत आणता येत नाही. मग माणूस स्वतःच स्वतःवर खटला भरतो. आरोपी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच, आणि कोठडीच्या दारावरचा शिपाईही तोच! सरकारी तुरुंगात निदान सुटकेची तारीख ठरलेली असते. या तुरुंगात ती नसते, कारण न्यायाधीशाला आपणच दिलेली शिक्षा पुरेशी आहे असे कधी वाटतच नाही.

आपल्या तालुक्यात हे समजावण्यासाठी ग्रंथाचा आधार घ्यावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की येथल्या वाड्यावस्त्या ओस पडतात आणि टोळ्या कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. जोडप्याने कोयता धरून सारा हंगाम घाम गाळावा, आणि पट्टा पडल्यावर हिशेब बघावा तो अंगावर बाकी निघावी! ती बाकी पुढल्या सालाच्या उचलीत मिळवायची आणि पुन्हा निघायचे. अपराधी मनाचा हिशेब नेमका असाच असतो. मनुष्य चांगली कामे करतो, उपास करतो, दान करतो, घरच्यांसाठी झिजतो. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वही उघडून पाहतो, तर बाकी होती तेवढीच!

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात आली आहे. तेथे पापासाठी शब्द आहे तो ‘ऋण’ हाच. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक गोष्ट आहे. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. शाळामास्तराच्या सवयीने मी गुणाकार करून पाहिला. सहा कोटी दिवसांची मजुरी होते. हा चाकर राजाच्या पाया पडून काय म्हणतो? थोडी मुदत द्या, सारे फेडतो! सहा कोटी दिवसांची मजुरी फेडणार! मला नेहमी वाटते, येशूने हे सांगितले तेव्हा ऐकणारे शेतकरी आणि कोळी हसले असावेत. राजा मात्र मुदत देत नाही. तो सगळे कर्जच सोडून देतो. पुढे हाच चाकर बाहेर पडतो आणि आपले शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, आपल्याकडच्या एखाद्या हंगामाएवढी. ती काही थोडी रक्कम नव्हे. दुसऱ्याने आपला केलेला अपराध क्षुल्लक असतो, असे येशू म्हणत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि सोडणे म्हणजे हिशेबच नव्हता असेही नव्हे. एखाद्या मुकादमाने एखाद्याची बाकी सोडली, तर तेवढ्याला तो स्वतः बुडाला, हे येथे कोणाला सांगावयास नको. कर्ज नाहीसे होत नसते. ते सोडणाऱ्याच्या अंगावर पडते. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे पाहतो तो या अर्थाने. येणेकऱ्यानेच तोटा सोसला, एवढे एक वाक्य म्हणजे आमच्या धर्माचा गाभा. बाकीचे तपशील धर्मपंडितांवर सोपवून मी पुढे जातो.

पण पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मनाला टोचणारी प्रत्येक गोष्ट अपराध असतेच असे नाही. लेकरू आजीपाशी ठेवून फडावर गेलेली आई, आणि मागे त्या लेकराचे काही बरेवाईट झाले तर जन्मभर ‘मीच त्याला टाकून गेले’ म्हणून कुढणारी आई, या तालुक्यात कोणी पाहिली नाही? तिच्या माथ्यावरचे ओझे पुष्कळसे तिचे नव्हेच. ते अवर्षणाचे आहे, उचलीचे आहे, आणि ज्यांनी तिच्यापुढे दुसरी वाट ठेवली नाही त्या आपणां सर्वांचे आहे. तिला पापक्षमेचा उपदेश करावयास जाणे हा दुष्टपणा होईल. तसेच कधी कधी मनच आजारी असते. नसलेला अपराध दिसू लागतो, झोप उडते, जगू नये असे वाटते. तेथे धर्मोपदेशकाआधी डॉक्टर गाठावा. देवाला त्यात कमीपणा वाटत नाही. सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ म्हणून फोनवरून सल्ला देण्याची सोय केली, तिचा क्रमांक १४४१६ आहे. हा क्रमांक मी माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आता ज्यांचे ओझे खरोखर आपलेच आहे, त्यांच्याकडे वळू.

ऊसतोडीसाठी पुणे जिल्ह्यात जाणाऱ्यांपैकी काहींनी केडगाव पाहिले असेल. नगरला खेटून असलेले केडगाव नव्हे. दौंड तालुक्यातले, रेल्वे स्टेशनचे केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. रमाबाईंचे चरित्र आपण शाळेत वाचतो ते विदुषी म्हणून आणि समाजसुधारक म्हणून. मला त्यांच्या आयुष्यातले एकच प्रकरण आज सांगावयाचे आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि तिने मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे बहीणही गेली. आईबापांना अन्नावाचून जाताना पाहिलेली ही मुलगी भावाबरोबर पायी हिंदुस्थान हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ठरविले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, आणि १८८२ साली तेही गेले. पंचविशीच्या आत सगळी माणसे गमावलेली ही बाई, पदरी एक लहान मुलगी.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक आश्रयघर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तेथे राहत. रमाबाईंनी ते घर पाहिले, आणि त्या चकित झाल्या. ज्या बायकांच्या सावलीलाही कोणी उभे राहणार नाही, त्यांची येथे भगिनी आपल्या हाताने शुश्रूषा करीत होत्या, आणि पूर्वी तशाच असलेल्या काही बायका आता दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पाच नवरे होऊन गेलेली ती बाई, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. येशूने तिचा सारा इतिहास तिला सांगितला आणि तिच्याजवळच पाणी मागितले. रमाबाईंच्या मनाने तेथे ठाव घेतला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितली नसती. खरी गोष्ट पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे रमाबाईंना स्वतःला शांती मिळाली नाही! या आठ वर्षांत त्यांनी काय केले नाही? अमेरिकेचा दौरा केला, पुस्तक लिहिले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. कामाला खंड नव्हता. पण आपले मन अशुद्ध आहे, देवापुढे उभे राहण्यास आपण योग्य नाही, ही टोचणी जात नव्हती. फुलमच्या त्या बायकांना क्षमा आहे हे त्यांना एका दुपारीत पटले; स्वतःलाही आहे हे पटावयास आठ वर्षे लागली! हुशार आणि कर्तबगार माणसांचे असेच होते. दुसऱ्याची बाकी सुटलेली त्यांना चालते. स्वतःची मात्र स्वतःच्या कमाईतून फेडावी असे वाटते.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त आले. या हॅस्लमची हकीकत मोठी मौजेची आहे. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये वर्षानुवर्षे धर्मोपदेश करीत होता; आणि १८५१ साली एके रविवारी व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता त्याच्याच ध्यानात आले की, आपण जे सांगतो आहो ते आपल्यालाच कधी मिळालेले नाही. तेव्हा तो स्वतःच्याच व्याख्यानाने बदलला! (व्याख्यात्यांना असा लाभ क्वचितच होतो.) रमाबाईंनी ते वाचले आणि आपलेही असेच झाले आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, या आशयाचे शब्द त्यांनी पुढे १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात लिहिले. मग त्यांनी नवीन काही केले नाही. केले ते एवढेच की, फेडण्याचा प्रयत्न सोडला आणि आपण जशा आहोत तशा ख्रिस्ताच्या स्वाधीन झाल्या.

आणि त्यानंतर काय झाले? त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमार होणाऱ्या शेकडो मुली आणि बायका गोळा करून आणल्या. आपल्या आईला दुष्काळात जाताना पाहिलेल्या बाईने दुष्काळाकडे पाठ फिरविली असती, तर तिला कोण दोष देता? त्या उलट तिकडेच गेल्या. केडगावास मुक्ति सदन उभे राहिले, आणि तेथेच फुलमसारखे, टाकलेल्या बायकांसाठी घर झाले. त्याचे नाव ‘कृपासदन’. १८९१ च्या आधी आणि नंतर बाहेरून पाहता काम एकच दिसते. पण आधीचे काम बाकी फेडण्यासाठी होते आणि नंतरचे बाकी सुटल्याच्या आनंदाने होते. अंतर कामात नाही, करणाराच्या झोपेत आहे.

आमच्या नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला कवी म्हणून ठाऊक आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे खरेच आहे. आपण पतित आहोत आणि देव पतितपावन आहे, ही भाषा मराठी माणसाला कोणा मिशनऱ्याने शिकविलेली नाही. पण टिळकांच्या घरातली एक गोष्ट मला त्यांच्या कवितेहून अधिक शिकवून गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या वेळी आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्यांनी वियोगात काढली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून पाहा. टिळकांचा संताप, त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांनी दिलेले दुःख, यांतले काहीही त्या बाईने झाकलेले नाही, आणि काहीही मनात धरूनही ठेवलेले नाही. उलट वाचणारा हसून हसून पुरेवाट होतो. क्षमा कशी दिसते, असे मला कोणी विचारले तर मी ते पुस्तक हातात देतो.

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे नेहमी दिसते असे मात्र समजू नका. आमच्याकडे पापाविषयी तासभर बोलतात आणि क्षमेची पाच मिनिटांत बोळवण करतात. मी स्वतः उपासनेला एक रविवार न चुकविणाऱ्या घरात वाढलो, तरी मला ती अकरा वर्षे चुकली नाहीत.

आता ते सांगतो.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेत मी सातवीचा वर्ग घेत होतो. एके दिवशी एका मुलाची कंपासपेटी हरवली. नवी कोरी होती. संशय गेला तो ऊसतोड्याच्या पोरावर. का गेला, याचे कारण मी आज आपल्यापुढे सांगू शकत नाही; कारण कारण नव्हतेच. तो गरीब होता, एवढेच. मी त्याला सर्व वर्गापुढे उभे केले, त्याच्या आईला बोलावून घेतले आणि तिच्यादेखत त्याला चोर म्हटले. तो रडला नाही, म्हणून मला तो निगरगट्ट वाटला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर तोही गेला. उन्हाळ्याच्या सुटीत कपाट आवरताना पेटी सापडली. मीच ती तपासलेल्या वह्यांबरोबर ठेवली होती.

पुढे मी पुष्कळ पुण्यकर्मे केली. गरीब मुलांच्या फिया भरल्या, वह्या वाटल्या, माझ्या खोलीवर चार-चार मुले जेवावयास ठेवली. लोक म्हणत, गुरुजी फार दयाळू. ते ऐकून अंगावर काटा येई. कोणत्याही दुकानात कंपासपेटी दिसली की मी मान फिरवीत असे.

अकराव्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या उपासनेत पेत्राची कथा वाचली जात होती. शंभर वेळा ऐकलेली कथा! येशूला धरून नेले त्या रात्री दोघा शिष्यांनी दगा दिला. यहूदाने त्याला विकले. पेत्राने, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत, मी त्याला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने तर आपण पाप केले हे उघड कबूल केले आणि तीस नाणी परत नेऊन दिली. पण नेली ती याजकांकडे, आणि त्यांनी हात झटकले; तुझे तू बघून घे, अशा अर्थाचे बोलले. त्याला त्याच्याच हवाली केले. मग तो एकटा उरला आणि त्याने आपला अंत करून घेतला. पेत्र नुसता रडला, आणि बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याला गाठले, तेथेही कोळशाचा विस्तव पेटवलेला होता. तीन वेळा नाकारणाऱ्याला तीन वेळा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनही वेळा, मेंढरे सांभाळ, म्हणून काम सांगितले. त्या रात्रीविषयी एक शब्द नाही.

तो विस्तव त्या दिवशी प्रथमच माझ्या डोळ्यांत भरला. माझी बाकी सोडणारा कोणीतरी आहे आणि तो मलाच शोधत आला आहे, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळले. आणि लगेच दुसरे जे मनात आले, त्याची मला आजही लाज वाटते. तो पोरगा हल्ली कोठे असेल? अकरा वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता! रोज रात्री मी माझ्या पापाचा विचार करीत होतो. त्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. स्वतःला झोडपण्यात माझा सगळा वेळ जात होता.

शोधायला दोन महिने लागले. तो ट्रॅक्टर चालवीत होता. मला पाहून खाली उतरला, पाया पडला. मी हात जोडून सांगितले, पेटी माझ्याच कपाटात सापडली, मी तुझा गुन्हेगार आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मला ठावंच व्हतं की गुरुजी, म्या घेतली न्हवती. पर माझ्या आईला आजून वाटतंय, म्याच घेतली. तुमी तिला सांगा.”

अकरा वर्षे मी ज्यांच्या फिया भरल्या, त्यांत ही माउली कोठेच नव्हती.

मी त्याच्या घरी गेलो. म्हातारी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. हातातली शेंग तशीच राहिली. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “त्या राती म्या त्याला लई मारलं व्हतं, गुरुजी. जेवू बी घातलं न्हाई.”

आम्ही दोघेही खाली मान घालून बसलो. पोरगा दारात उभा होता. तो म्हणाला, “आये, गुरुजींना च्या ठिव.”